कर्करोग संशोधनासाठी चवदर्शन: खर्च आणि देणगीचा हिशेब कसा ठेवावा?

प्रश्न (मालवण):
नमस्कार. खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेला मदत म्हणून आम्ही मे महिन्यात तिकीट लावून मालवणी पदार्थांचे चवदर्शन योजत आहोत. तिकिटाच्या पूर्ण रकमेवर देणगीवरची आयकर सवलत (‘८०जी’) मिळेल, असे सांगावे का?

उत्तर (रत्नागिरी):
तसे मुळीच सांगू नये. ज्या पैशांच्या मोबदल्यात पाहुणा जेवतो, ते पैसे देणगी ठरत नाहीत. तिकिटातून केवळ खर्च भागवावा आणि देणगी पाहुण्यांनी थेट संस्थेच्या खात्यावर भरावी, म्हणजे पावतीही संस्थेचीच मिळेल. २,००० रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर सवलत नाही, हे फलकावर ठळक लिहावे.

उत्तर (वेंगुर्ला):
पदार्थ मोजकेच ठेवावेत, पण नीट करावेत. तिरफळे घातलेले बांगड्याचे तिखले सकाळी करून ठेवले तरी संध्याकाळी अधिकच मुरते. खापरोळी (जाळीदार घावन) मात्र गूळ-नारळाच्या रसात आधीपासून बुडवून ठेवली तर तिचा लगदा होतो, म्हणून रस पाहुण्यासमोरच वाढावा. मे महिन्याच्या उकाड्यात सोलकढी बर्फात ठेवल्याशिवाय टिकत नाही. कार्यक्रम जूनवर ढकलू नका, कारण १ जूनपासून यांत्रिक नौकांची मासेमारी बंद होते आणि ताजी सुरमई मिळणे कठीण होते.

उत्तर (देवगड):
मद्य कंपनीचे प्रायोजकत्व कितीही मोठे असले तरी नाकारावे. मद्य स्वतःच कर्करोगाचे सिद्ध कारण आहे. जेवणानंतरच्या विड्यात तंबाखू तर नकोच, पण सुपारीही नको.

प्रश्नकर्ता (मालवण):
आभारी आहे. विड्याऐवजी बडीशेप ठेवू आणि तिकिटावर ‘भोजनखर्च’ एवढेच छापू.