शब्दचर्चा : घट्ट, दाट आणि घनता

प्रश्न (परभणी) : आठवीला 'बल व दाब' शिकवताना एक उत्तर हमखास येतं : 'करडईचं तेल पाण्यापेक्षा घट्ट, म्हणून त्याची घनता जास्त.' मग तेच तेल पाण्यावर तरंगताना पाहून पोरं गोंधळतात. घनतेसाठी 'घट्ट', 'दाट' हे शब्द वापरावेत का?

लातूर : नको, सर. द्रवाच्या बाबतीत घट्ट, दाट, पातळ हे शब्द तो किती सहज वाहतो तेवढंच सांगतात. कालवण पातळ झालं म्हणजे ते ताटात पळतंय. वाहण्याला आतून होणारा विरोध म्हणजे विष्यंदिता. काही ठिकाणी तिलाच श्यानता म्हणतात. घनता म्हणजे तेवढ्याच आकारमानात किती वस्तुमान. लिटरभर पाणी एक किलो, लिटरभर तेल साधारण 920 ग्रॅम. तेल घट्ट आहे, पण मापाला हलकं आहे.

पाऱ्याकडे बघा. घनता पाण्याच्या 13.6 पट, लोखंडसुद्धा त्यावर तरंगतं. तरी सांडला की सैरावैरा पळतो, कारण विष्यंदिता पाण्याच्या जेमतेम दीडपट. (वर्गात मात्र आणू नका, त्याची वाफ विषारी असते.) ग्लिसरीनचं उलटं : घनता सव्वापट, विष्यंदिता हजार पटीहून जास्त. आपल्याकडची काकवी घ्या. गुऱ्हाळावर गरम असताना सरसर ओतता येते, थंडीत बरणीतून निघता निघत नाही. तिची घनता एवढ्यात फारशी बदललेली नसते, बदलते ती विष्यंदिता.

पोरांचा तर्क मला चुकीचा वाटत नाही. 'दाट झाडी', 'दाट वस्ती' यांत दाट म्हणजे खरंच जवळजवळ, आणि भूगोलात लोकसंख्येची 'घनता' असतेच. तोच अर्थ ती तेलाला लावतात.

बीड : आम्ही विष्यंदितेला 'चिकटपणा' म्हणतो. चालेल?

लातूर : ताई, त्यानं नवा घोळ होईल. चिकट म्हणजे बोटाला धरून राहणारं, म्हणजे दोन वेगळ्या पदार्थांमधली ओढ. विष्यंदिता ही त्याच द्रवाच्या एकमेकांवरून सरकणाऱ्या थरांमधली. शिवाय द्रायू, म्हणजे वाहणारा पदार्थ, म्हटलं की वायूही आले. हवेलाही विष्यंदिता असते, पण हवेला कुणी चिकट म्हणत नाही, घट्टही नाही. द्रव तापला की विष्यंदिता घटते, वायू तापला की वाढते. म्हणून इथं पारिभाषिक शब्दच बरा.

नांदेड : प्रयोगशाळेत 'पातळ आम्ल', 'दाट आम्ल' हेही थांबवायला हवं. तिथं शब्द आहेत विरल आणि संहत, आणि ते पाण्यात किती आम्ल विरघळलंय ते सांगतात. संहत सल्फ्युरिक आम्ल तेलासारखं घट्ट असतं, त्यामुळे 'दाट' खपून जातं. संहत हायड्रोक्लोरिक आम्ल मात्र ओतताना पाण्यासारखंच पातळ दिसतं. त्याला बघून कुणी 'पातळ' समजलं तर हात भाजेल. पोरांना बाटलीवरचा शब्द वाचायला लावा.