मदत हवी आहे: अकिलीसच्या टाचेची गोष्ट आली कुठून?

नमस्कार मंडळी. होमरच्या इलियडचे (ट्रॉयच्या युद्धावरचं ग्रीक महाकाव्य) चोवीसही सर्ग वाचून संपवले, पण ग्रीक वीर अकिलीसची ती प्रसिद्ध टाच, म्हणजे त्याच्या शरीराची एकमेव दुबळी जागा, कुठेच नाही! उलट एकविसाव्या सर्गात ट्रॉयच्या बाजूने लढणाऱ्या अस्टेरोपायसचा भाला अकिलीसच्या हाताला कोपरापाशी चाटून जातो आणि रक्त येतं. म्हणजे होमरचा अकिलीस आपल्यासारखाच जखमी होणारा. त्याचा मृत्यूही येत नाही, काव्य त्याने मारलेल्या ट्रॉयच्या राजपुत्र हेक्टरच्या अंत्यविधीवर थांबतं. अकिलीसची आई थेटिस हिने बाळाला पाताळातल्या स्टिक्स नदीत बुडवल्याची कथा इ.स. पहिल्या शतकातल्या स्टेशियस या रोमन कवीकडे आहे. त्याआधीच्या ग्रीक काव्यात किंवा मातीच्या भांड्यांवरच्या चित्रांत टाचेचा उल्लेख कुणाला माहीत आहे का?

आणखी एक. हेक्टरचा म्हातारा बाप, राजा प्रायम, मुलाला मारणाऱ्या अकिलीसच्याच हातांचं चुंबन घेतो, त्या प्रसंगाचा चांगला मराठी अनुवाद सुचवाल का? आईला वाचून दाखवायचाय.