‘नभोवाणी’ म्हणजे संच, केंद्र की माध्यम?

जुनापत्ता: आजोबांनी 1955 साली पुण्याहून आजीला माहेरी पाठवलेले पत्र मी भाचरांसाठी सोप्या मराठीत उतरवत आहे. त्यात ‘गीतरामायणाच्या वेळी नभोवाणीभोवती सारा वाडा गोळा होतो’ आणि ‘नभोवाणीचा परवाना पोस्टातून नवा करून आणला’ अशी दोन वाक्ये आहेत. मी दोन्हीकडे ‘आकाशवाणी’ लिहिले, तेव्हा आईने हरकत घेतली, कारण तिच्या मते आकाशवाणीभोवती कोणी बसत नाही. मग काय लिहावे?

अवग्रह: आईंचे बरोबर आहे. आकाशवाणी हे केंद्राचे नाव आहे. म्हैसूरच्या गोपालस्वामींनी 1935 मध्ये आपल्या खासगी केंद्राला ते दिले आणि सरकारने ते पुढे उचलले. माणसे जमत ती संचाभोवती, आणि परवानाही संच बाळगण्याचाच असे. सरळ ‘रेडिओ’ लिहावे.

शुद्धमती: असहमत. ‘नभोनाट्य’ हा शब्द आपण आजही बिनदिक्कत वापरतो, तर ‘नभोवाणी’नेच काय पाप केले? आजोबांनी लिहिलेला नेटका शब्द खोडून तिथे परका शब्द बसवणे मला पटत नाही.

माडाखाली: आमच्या मालवणी मुलखात रेडिओचा ‘रेडू’ झाला. म्हशीचे पिल्लूही रेडूच, पण सेल संपत आले की उन्हात कोणता रेडू ठेवायचा नाही आणि कोणत्याचे सेल काढून ठेवायचे, हे कोणाला विचारावे लागले नाही. आजीने ‘आकाशवाणी’ हा शब्द कंसासाठी राखून ठेवला होता. देवकीच्या आठव्या पुत्राविषयी बोलली ती आकाशवाणी, आणि पावसाचा अंदाज सांगतो तो रेडू, अशी तिची स्वच्छ वाटणी होती.

अवग्रह: शुद्धमती, नभ काय आणि आकाश काय, दोन्ही संस्कृतातूनच आलेले. त्यांतले एक घरचे आणि ‘रेडिओ’ तेवढा परका, हे कोणत्या मापाने ठरवले? रेडिओला मराठीने पुल्लिंग दिले, विभक्ती लावली, आणखी काय करायचे राहिले?

शुद्धमती: मग नभोनाट्याला ‘रेडिओनाटक’ म्हणा आणि मोकळे व्हा. ‘श्रुतिका’ही टाकून द्या.

जुनापत्ता: आईकडून आज नवीनच कळले. आजोबा बोलताना नेहमी ‘रेडिओ’च म्हणत. आजीचे वडील शाळामास्तर होते आणि जावयाचे पत्र आधी ते वाचत, म्हणून कागदावर ‘नभोवाणी’.

शुद्धमती: मास्तरांना माझा नमस्कार सांगा.