कडीपाटाचा जुना ऑइलपेंट काढायचाय, मदत हवी आहे

माडीवरचा: रंगारी सोमवारी येतोय, म्हणून घाईत विचारतोय. वाईच्या घरातलं फॉल्स सीलिंग उतरवलं तर वर अख्खा सागवानी कडीपाट निघाला! पण तुळईवर रंगाचे इतके थर की कोरलेल्या पाकळ्या बुजल्यात. नखाने खरवडलं तर हिरव्याखाली पिस्ता, त्याखाली पिवळा. रंगारी म्हणतो ग्राइंडरने दोन दिवसांत मोकळं करतो. किती नंबरचा पॉलिश पेपर आणू?

रंधा: ग्राइंडर नको, कोरीवकाम जाईल. ब्लोलॅम्प मारा. आमच्या आजोळची सगळी दारं तशीच साफ केली.

शेवंती: थांबा, दोन्ही नको. घर कधीचं? शेवटचा रंग कधी दिला? घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) आत हवं, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासूनचा. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये, त्यातही पिवळ्या-हिरव्यात, शिसं आहे असं धरूनच चाला. घासलं तर धूळ, जाळलं तर धूर. घरात लहान मूल आहे का?

रंधा: आम्हाला कुणाला काही झालं नाही.

शेवंती: रक्त तपासलं होतं का कुणाचं? माझ्या भाच्याचं तपासलं तेव्हा कळलं. घरात खिडकीचे गज खरवडले होते. खालचा जुना शेंदरी प्रायमर बहुतेकदा शिशाचाच असायचा. मूल वरून ठणठणीत दिसतं, परिणाम मेंदूवर होतो.

जवस: लाकूड मोकळं झालं की जवसाचं तेल द्या, चकचकीत पॉलिश अजिबात नको. आणि जुन्या तुळया मागायला व्यापारी येतील, विकू नका.

कौलारू: सीलिंग कशाचं होतं ते कुणी विचारलंच नाही. प्लायवूड की करडे कडक पत्रे?

माडीवरचा: घर १९३४ चं. रंग शेवटचा वडिलांनी दिला, १९९० च्या आसपास. पत्रे करडेच, सिमेंटसारखे. निम्मे काल हातोड्याने फोडले, तुकडे अंगणात आहेत. मुलगी दोन वर्षांची, तिथेच खेळते. हे आधीच सांगायला हवं होतं.

कौलारू: दादा, ते ॲस्बेस्टॉसचे असणार, फोडले की त्याचे बारीक घातक तंतू श्वासातून छातीत जातात. मुलीला आजच दुसरीकडे पाठवा. तुकड्यांवर पाणी मारा, जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी बांधा. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा, फडकी पण त्यातच बांधा. उरलेले पत्रे स्क्रू काढून अख्खे उतरवायचे, तेही जाणकाराकडूनच. कापडी मास्कचा उपयोग नाही.

शेवंती: आणि तुळई खरवडायच्या आधी रंगाची खपली लॅबमध्ये तपासून घ्या. सपाट पाटांवरचा रंग घट्ट असेल तर काढूच नका, वरून नवा हात द्या. पाकळ्या तेवढ्या पाणी फवारत हाताने खरवडा.

माडीवरचा: रंगाऱ्याला नको म्हणून कळवलं. मुलगी आणि तिची आई संध्याकाळच्या एसटीने साताऱ्याला जातायत. तपासणीचं डॉक्टरांना काय सांगू?

शेवंती: बालरोगतज्ज्ञांना ‘ब्लड लेड’ (रक्तातलं शिसं) असं चिठ्ठीवर लिहून द्यायला सांगा. नुसती रक्ततपासणी म्हणालात तर हिमोग्लोबिनच करून देतील.