मदत हवी आहे: खांद्याच्या एमआरआयमध्ये सुप्रास्पायनेटस स्नायूला टेअर आलंय, मग व्यायाम भलतेच का दिलेत?

भूमितीवाला

नमस्कार मंडळी,

वय ४७, शाळेत गणित शिकवतो. दिवसाचे चार-पाच तास हात फळ्यावर, आणि संध्याकाळी पोरांबरोबर व्हॉलीबॉल. दिवाळीपासून उजवा खांदा दुखतोय. पण सरसकट दुखत नाही हाच तर घोळ आहे. कोपर अंगाजवळ ठेवून फळ्याच्या मधल्या भागात लिहिलं तर काही नाही, पण हात बाजूने वर न्यायला लागलो की खांद्याच्या पातळीच्या जरा खाली अशी काही कळ येते की खडू सुटतो हातातून, आणि तसाच दात-ओठ खाऊन हात अजून वर नेला की कळ गायब! खाली आणताना परत त्याच टप्प्यात. आणि कळ येते तीही खांद्यात नाही, दंडाच्या बाहेरच्या बाजूला, लस टोचतात ना तिथे. रात्री उजव्या कुशीवर झोपायची सोय नाही.

ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवून झालंय, त्यामुळे कृपया 'डॉक्टरला दाखवा' लिहू नका. रिपोर्टमध्ये लिहिलंय: सुप्रास्पायनेटस टेंडनमध्ये (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरात) पार्शल थिकनेस टेअर, म्हणजे अर्धवट फाटलंय, सबअक्रोमियल बर्सायटिस, टाईप टू अक्रोमियन, बाकी टेंडन्स नॉर्मल. डॉक्टर म्हणाले ऑपरेशनची घाई नाही, फिजिओ करा, पुढचा पेशंट आत. फिजिओ मॅडम चांगल्या आहेत पण तिथेही रांग, फार विचारता येत नाही.

त्यांनी दिलेत ते व्यायाम असे: काखेत नॅपकिनची गुंडाळी धरून, कोपर काटकोनात ठेवून, रबरी पट्टा बाहेरच्या बाजूला ओढायचा. मग भिंतीवर हात टेकून जोर मारल्यासारखं करायचं आणि शेवटी भिंतीला अजून थोडं ढकलायचं, पाठीची पाती पुढे जाईपर्यंत. मी घरी डंबेल्स डोक्यावर उचलायचो ते मात्र पूर्ण बंद करायला लावलं.

आता माझं गणिती डोकं अडलंय ते इथे. फाटलाय सुप्रास्पायनेटस, ज्याचं काम म्हणे हात बाजूला उचलणं. मग मला हात बाहेर वळवायचे आणि पाठीच्या पात्याचे व्यायाम का? डंबेल्सनी खांद्यावरचा मोठा स्नायू तगडा होतोय तर तो दुखऱ्या स्नायूचं काम वाटून घेणार नाही का? आणि हे फाटलेलं जुळतं का, की आज ना उद्या ऑपरेशन ठरलेलंच? कुणीतरी हे सगळं नीट उलगडून सांगा, त्याशिवाय माझ्याच्याने व्यायाम मनापासून होणार नाही.

सुरमई

आमच्या ह्यांना सेम झालं होतं. तेल लावून शेक घेतला, रात्री झोप लागायला लागली. फिजिओ पण केलंच म्हणा.

टकमकटोक

शेक घ्या खुशाल, पण गावातल्या हाड बसवणाऱ्याकडे जाऊन हात ओढून घेऊ नका म्हणजे झालं. बाकी खांदा मोठ्यामोठ्यांना सुटत नाही, सचिनचं पण ऑपरेशन झालं होतं २००६ मध्ये.

पाणवठा

मी फिजिओथेरपिस्ट आहे, खांदे हेच जास्त बघते. तुमच्या मॅडमनी दिलेले व्यायाम अगदी बरोबर आहेत. का ते सांगते, लांबण लागेल.

खुब्याच्या सांध्यात गोळा खोल वाटीत बसलेला असतो. खांद्यात तसं नाही. पात्याच्या बाहेरच्या टोकाला जी खोबण आहे ती इतकी उथळ आहे की दंडाच्या हाडाचा गोळा तिच्यावर जेमतेम टेकतो, कुठल्याही क्षणी गोळ्याचा चौथा ते तिसरा हिस्साच खोबणीला लागलेला असतो. लिंबू-चमच्याच्या शर्यतीतलं लिंबू समजा. खोबणीच्या काठाला लेब्रम नावाची कूर्चेची कड असते, तिने चमचा थोडा खोल होतो, भोवती कॅप्सूल (सांध्याचं आवरण) आणि लिगामेंट्स (हाडं बांधणारे पट्टे) आहेत पण ती हात टोकाला गेल्यावरच ताणली जातात, मधल्या सगळ्या हालचालीत सैल. म्हणजे हात एवढा सगळीकडे फिरतो त्याची किंमत ही की सांधा जागेवर ठेवायचं काम जवळपास सगळं स्नायूंवर पडतं.

ते काम करणारे चार स्नायू म्हणजे रोटेटर कफ. चारही पात्यावरून निघतात आणि दंडाच्या हाडाच्या डोक्याभोवती कफासारखे चिकटतात. आत्ता लगेच करून बघा. डावा हात उजव्या खांद्यावरून मागे टाका, पात्यावर एक आडवा कंगोरा हाताला लागेल. कंगोऱ्याच्या वरच्या खळग्यात बसलाय तो तुमचा सुप्रास्पायनेटस. आता डावा हात काखेखालून मागे नेऊन कंगोऱ्याच्या खाली बोटं ठेवा, कोणी घरचं ठेवेल तर बरं, आणि उजवं कोपर अंगाला चिकटवून पंजा बाहेर वळवा. बोटांखाली जे टणक होतं ते इन्फ्रास्पायनेटस. त्याच्या खाली कडेला टेरेस मायनर, तोही हात बाहेरच वळवतो. चौथा सबस्कॅप्युलॅरिस, तो पात्याच्या पुढच्या बाजूला, म्हणजे पातं आणि बरगड्यांच्या मध्ये, त्यामुळे सहज चाचपता येत नाही, पण चौघांत सगळ्यात दांडगा तोच आणि तो हात आत वळवतो.

आता डेल्टॉइड, म्हणजे तुमचा डंबेलवाला. हात खाली लोंबत असताना तो आकसला की त्याची ओढ जवळजवळ सरळ वर असते. एकट्या डेल्टॉइडवर सोडलं तर गोळा वर सरकून अक्रोमियनला, म्हणजे वरच्या हाडाच्या छपराला जाऊन भिडेल. त्याच वेळी पुढून सबस्कॅप्युलॅरिस आणि मागून इन्फ्रास्पायनेटस, टेरेस मायनर गोळ्याला खोबणीत दाबतात आणि खाली ओढून धरतात. वरून सुप्रास्पायनेटस दाबतो. हे सगळं जमून आलं की गोळा जागच्या जागी फिरतो. गणिताचे सर आहात, व्हेक्टर काढून बघा. म्हणजे डेल्टॉइड तगडा केला आणि कफ कमजोर राहिला तर काम वाटून घ्यायचं राहिलं बाजूला, वरची ओढ तेवढी वाढली. म्हणून डंबेल बंद, पट्टा चालू. नॅपकिन काखेत कशासाठी, तर कोपर बाजूला निसटू नये आणि डेल्टॉइडने मध्ये लुडबूड करू नये.

सुप्रास्पायनेटसचं टेंडन त्या छपराखालूनच जातं आणि मध्ये बर्सा नावाची पाण्याची पातळ पिशवी, तुमची सुजलीय ती हीच. साधारण ६० ते १२० अंशांच्या मध्ये ह्या दुखऱ्या भागावर सगळ्यात जास्त ताण-दाब येतो, म्हणून कळ त्याच पट्ट्यात. आमच्याकडे ह्याला पेनफुल आर्क म्हणतात, तुम्ही न सांगता हुबेहूब वर्णन केलंत.

भूमितीवाला

वा! बायकोने बोटं ठेवली, खरंच टणक झालं. डाव्या बाजूला जास्त टणक लागतं असं तिचं म्हणणं. व्हेक्टरचं पटलं. पण मग पात्याचा काय संबंध? भिंत ढकलून सुप्रास्पायनेटसला काय मिळतं?

पाणवठा

ते राहिलंच. हात पूर्ण वर जातो ते १८० अंश एकट्या गोळ्या-खोबणीचे नसतात. ढोबळमानाने १२० तिथले आणि ६० पात्याचे, पातं बरगड्यांवरून सरकत वर वळतं म्हणून. हे दोनास एकचं प्रमाण इनमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये मांडलं, माणसागणिक थोडं इकडेतिकडे होतं पण अजून तेच शिकवतात. पातं वळलं की खोबण वर बघायला लागते आणि छप्परही बाजूला होतं. पातं जागेवरच बसून राहिलं तर गोळा वर येतोय आणि छप्पर हलत नाहीये.

पातं वळवणारी जोडी म्हणजे ट्रॅपेझियस (मान-पाठीवरचा मोठा स्नायू) आणि सेरेटस अँटीरियर. सेरेटस बरगड्यांवरून निघून पात्याच्या आतल्या कडेला चिकटतो आणि पातं बरगड्यांना चापून धरतो. भिंत ढकलताना शेवटी जो जास्तीचा इंचभर रेटा द्यायचाय तो खास त्याच्यासाठी, लोक नेमका तेवढाच भाग गाळतात. शिवाय कफचे चारही स्नायू पात्यावरूनच निघतात, पाया डगमगता असेल तर त्यांना जोर कुठून येणार?

पोक काढून बसत असाल, वह्या तपासताना वगैरे, तर छातीतला पेक्टोरॅलिस मायनर स्नायू आखडून पातं पुढे झुकलेलं राहतं. एक गंमत करा, पोक काढून हात बाजूने वर न्या आणि मग ताठ बसून न्या. फरक कळेल.

कवटीकथा

एमबीबीएसला आहे, ॲनाटॉमी ताजी आहे म्हणून भर घालतो. पहिले १५ अंश सुप्रास्पायनेटस आणि पुढे डेल्टॉइड असं बऱ्याच पुस्तकांत असतं आणि आम्ही व्हायवात तेच ठोकून देतो, पण स्नायूंची इलेक्ट्रिकल ॲक्टिव्हिटी मोजली तर दोघंही सुरुवातीपासून कामाला लागलेले दिसतात. त्यामुळे सरांनी 'सुप्रास्पायनेटसचं काम हात उचलणं' एवढंच धरू नये.

दंडावर कळ का याचं पण सांगतो. कफच्या आणि डेल्टॉइडच्या नसा मुख्यतः मानेतल्या सी-५, सी-६ मुळांतून येतात, दंडाच्या बाहेरच्या कातडीचीही तीच गत, त्यामुळे मेंदूला पत्ता चुकीचा लागतो. पण कळ कोपराच्या खाली जात असेल, बोटांत मुंग्या येत असतील तर मानेकडेही बघायला हवं.

भूमितीवाला

मुंग्या नाहीत, मान ठीक. व्हॉलीबॉलचं कोणीच बोललं नाही! जिल्ह्याच्या स्पर्धा तोंडावर आल्यात, पोरांना सर्व्हिस कोण शिकवणार?

पाणवठा

तोंडी शिकवा. :) सर्व्हिस किंवा स्मॅश मारताना हात जोरात पुढे जातो, बॉल सुटल्यावर त्याला ब्रेक लावायचं काम मागच्या इन्फ्रास्पायनेटस आणि टेरेस मायनरचं. लांबत लांबत आकसावं लागतं, तो ताण फार असतो. आणि व्हॉलीबॉलवाल्यांची एक खासियत आहे, सुप्रास्कॅप्युलर नावाची नस पात्याच्या कंगोऱ्याला वळसा घालून जाते तिथे ती ताणली किंवा दाबली जाते आणि इन्फ्रास्पायनेटस हळूहळू सुकतो. बऱ्याचदा दुखत पण नाही, म्हणून खेळाडूला पत्ताच नसतो. डावीकडे जास्त टणक लागलं म्हणालात म्हणून सांगते, शर्ट काढून पाठीचा फोटो काढायला सांगा. उजव्या कंगोऱ्याखाली खळगा दिसला तर फोटो घेऊन मॅडमकडे जा. नुसतं दुखण्यामुळे जोर कमी लागत असेल हेच जास्त शक्य आहे, पण बघून घ्या.

फळ्याचं म्हणाल तर वर्गात चौथरा असेल तर त्यावर उभे राहून लिहा आणि फळ्याला बाजू करून नका लिहू, तोंड फळ्याकडे. हात अगदी बाजूला न नेता तीसेक अंश पुढे ठेवून उचलला की पात्याच्या रेषेत राहतो, सांध्याला सोयीचं पडतं. पोरांकडे पाठ होईल, पण तीन महिने सोसेल त्यांना.

कोयनाकाठ

ऑर्थो आहे. बाकी सगळं वर आलंय, ऑपरेशनपुरतं लिहितो.

पार्शल टेअर कातडी जुळते तसं जुळेलच असं नाही, पण दुखणं थांबायला ते जुळावंच लागतं असंही नाही. साठी-सत्तरीतल्या कित्येकांच्या एमआरआयमध्ये टेअर असतं आणि खांद्याची तक्रार शून्य. फोटोवर उपचार करू नये, माणसावर करावा. टाईप टू ची धास्ती नको, बिग्लियानीने १९८६ मध्ये अक्रोमियनचे सपाट, वाकडा आणि आकड्यासारखा असे तीन आकार सांगितले, त्यातला मधला, अत्यंत कॉमन. ते हाड घासून जागा करायची ऑपरेशन्स एकेकाळी सर्रास व्हायची. २०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये ब्रिटनमधली एक ट्रायल आली, काही पेशंटचं हाड खरंच घासलं, काहींना नुसती दुर्बीण घालून बाहेर काढली, आणि दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तेव्हापासून आमच्यातले बरेच जण हात आखडता घेतात, मी तरी घेतो.

व्यायामाला निदान तीन महिने द्या. रात्रीचं दुखणं फारच असेल तर बर्सामध्ये एखादं स्टेरॉइडचं इंजेक्शन चालतं, त्याने व्यायाम करण्यापुरती उसंत मिळते, पण दर महिन्याला घ्यायची गोष्ट नाही ती, टेंडन कमजोर होतं.

लगेच परत दाखवायचं कधी? पडलात, झटका बसला आणि त्यानंतर हात उचलताच येईना. किंवा हात दुसऱ्याने वर नेऊन सोडला की धाडकन खाली पडतो. किंवा चाळिशीनंतर खांदा निखळून बसवलाय आणि तरी हातात जोर नाही, तिथे कफ पूर्ण फाटलेला असू शकतो आणि उशीर केला तर स्नायू सुकून त्यात चरबी भरते, मग शिवूनही उपयोग होत नाही.

भूमितीवाला

सगळ्यांचे आभार. पाठीचा फोटो काढला, खळगा दिसत नाहीये, तरी मॅडमना दाखवतो. एकच शेवटचं, व्यायाम करताना थोडं दुखलं तर थांबायचं का?

पाणवठा

थोडं दुखलं आणि रात्रीपर्यंत निवळलं तर चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखत असेल तर पट्टा एक नंबर हलका घ्या.

अबोली२

माझ्या आईचा पण खांदा दुखतो, तिला शुगर आहे, हात मागे नेऊन वेणी घालता येत नाही. तिने पण हेच पट्ट्याचे व्यायाम करावेत का?

कोयनाकाठ

नको, आधी एक बघा. तिला हात सैल सोडायला सांगून तुम्ही फिरवा. कफच्या दुखण्यात दुसऱ्याने फिरवला तर हात बऱ्यापैकी फिरतो, फ्रोझन शोल्डरमध्ये (सांध्याचं आवरणच आखडतं तो आजार) तुम्ही फिरवलात तरी अडतो, सगळ्यात आधी बाहेरच्या बाजूला. शुगरवाल्यांना हे जास्त होतं आणि त्याचं सगळं गणित वेगळं आहे. वेगळा धागा काढा, त्यात किती महिने झाले, हात कुठे अडतो आणि एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) किती ते लिहा.