मदत हवी आहे: सकाळी गाडी नुसती टकटक करतीय, बॅटरी गेली का स्टार्टर?

नमस्कार मंडळी, साताऱ्यात शाहूपुरीत राहतो, २०१६ ची डिझेल गाडी आहे, बॅटरी चार वर्षांपूर्वी टाकलेली. मंगळवारी सकाळी वडिलांना तपासणीला कराडला न्यायचं होतं, ते फाईल मांडीवर घेऊन गाडीत बसले पण आणि मी चावी फिरवली तर नुसतं टकटकटकटक, मीटरचे लाईट पार मंद, घड्याळ परत १:०० वर. शेजाऱ्यांच्या गाडीच्या बॅटरीला वायर जोडून जंप दिला तर पहिल्याच सेल्फला चालू झाली. निघालो, पण परत बंद पडली तर काय या भीतीनं हॉस्पिटलच्या दारात त्यांना उतरवताना पण इंजिन बंद केलं नाही.

आता मेकॅनिक म्हणतोय स्टार्टर उतरवावा लागंल, बॅटरीवाला म्हणतोय नवीन टाका, मीटर लावून दोघांनीही बघितलं नाही म्हणून मीच मल्टिमीटर आणला. प्लस टर्मिनलवर पांढरट हिरवी पावडर धरलेली, ती खायचा सोडा आणि गरम पाण्यानं धुतली, पॉलिश पेपर मारून घट्ट बसवलं, तरी फरक नाही. इंजिन चालू असताना १४.२ व्होल्ट येतात म्हणजे अल्टरनेटर चार्ज करतोय असं मी धरतोय, पण सेल्फ मारताना थेट ८.८ वर येतं. चोरून कुठं करंट जातोय का बघायला चार्ज करून निगेटिव्ह काढून ठेवली, रात्री १२.६ होते, सकाळी १२.३. कुणी नक्की सांगाल का, उगाच स्टार्टर खोलायला नको.

प्रतिसाद:
दादा, टर्मिनल काढल्यावर गाडीचा संबंधच संपला, तरी व्होल्ट उतरतायत म्हणजे दोष बॅटरीच्या आतच आहे. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जायला नको. स्टार्टर गेला असता तर जंपवर अशी उचलली नसती, तेव्हा बहुतेक एकच टक येतो आणि लाईट फारसे मंद होत नाहीत. फक्त ते १२.६ चार्जर काढल्या काढल्या बघितलं का? तेव्हा आकडा फुगलेला असतो, दोन-तीन तास थांबावं लागतं. बुचं असली तर हायड्रोमीटरनं सहाही सेलची (बॅटरीतल्या कप्प्यांची) ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिड किती दाट आहे ते बघा, ॲसिड आहे, गॉगल आणि हातमोजे घालूनच.

धागाकर्ता:
चार्जर सातला काढलेला, १२.६ रात्री दहाला बघितलं. आज हायड्रोमीटर आणला. पाच सेल १२४० दाखवतायत, चौथ्यात मात्र फ्लोट वर यायलाच तयार नाही, लाल पट्ट्यात ११०० च्या आसपास अडकतोय आणि ते ॲसिड पण तपकिरी गढूळ आहे, दोनदा काढून बघितलं, म्हणजे तो सेलच गेलाय. मनापासून आभार दादा. शुक्रवारी परत कराड आहे, उद्याच बॅटरी बदलतो, स्टार्टरला हात लावत नाही.