रायडरचा मॅनेजर झाला तर जमतं का? (स्पीडवे बघणाऱ्यांसाठी प्रश्न)

मातीतला
नमस्कार मंडळी. कात्रजला राहतो. अकरा वर्षं डर्ट ट्रॅक आणि सुपरक्रॉसच्या रेसमध्ये बाइक चालवली. मागच्या पावसाळ्यात डाव्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं, ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले आता उड्या विसरा. तर आमचे स्पॉन्सर म्हणतायत, घरी बसण्यापेक्षा टीम सांभाळ. पाच पोरं आहेत. त्यातला एक माझा जिगरी दोस्त, वय चौतीस, आणि तो हळू झालाय. मला दिसतंय, त्याला दिसत नाही.
परदेशात स्पीडवेमध्ये (मातीच्या अंडाकृती ट्रॅकवरच्या बाइक रेस) जुने रायडर मॅनेजर होतात असं ऐकलंय. ते नक्की करतात काय? की नुसती छत्री धरून उभं राहायचं?

नानापेठी
मॅनेजर म्हणजे ऐन वेळी आमच्या पेठेतून स्प्रॉकेट आणणारा, सगळ्यांच्या चहाचे पैसे देणारा आणि हरल्यावर शिव्या खाणारा. अभिनंदन!

पर्वतीपायथा
नानापेठी, व्याख्या बरीचशी बरोबर आहे.

मी कंपनीच्या कामासाठी दोन वर्षं मँचेस्टरला होतो. सोमवारी संध्याकाळी बेल व्ह्यूची, म्हणजे तिथल्या स्पीडवे टीमची, मॅच चुकवायचो नाही. गाडीला ब्रेकच नाहीत हे कळलं तेव्हा आधी हसलो, मग पहिलं वळण बघून गप्प झालो. 500 सीसीचं एक सिलिंडर, मिथेनॉलवर चालणारं, डाव्या बुटाला लोखंडी तळ, आणि सगळी वळणं डावीकडेच. चार जण, चार फेऱ्या, मिनिटभरात खेळ खलास. (आपल्या येझ्दीची आई जी जावा, तीच स्पीडवेची इंजिनंही बनवायची. शेजारी बसणाऱ्या आजोबांना मी सांगितलं की आमच्याकडे त्यावरून दुधाचे कॅन जायचे. त्यांना ते काही पटलं नाही.)

आता मॅनेजर. टीमचे सात रायडर, मॅचमध्ये 15 हीट (म्हणजे छोट्या रेस), प्रत्येक हीटला दोन्हीकडचे दोन-दोन. पहिल्याला 3, मग 2, 1, शेवटच्याला भोपळा. म्हणजे हीटमागे सहा गुण, एकूण 90, आणि 46 झाले की जिंकलात. त्यामुळे मॅनेजरच्या हातात छत्री नसते, पेन्सिल असते. कोणाचं इंजिन दमलंय, कोणाला बाहेरच्या गेटवरून (स्टार्टच्या जागेवरून) सुटताच येत नाही, कोणाच्या जागी राखीव रायडर घालायचा, हे त्याने दोन हीटच्या मधल्या चार-पाच मिनिटांत ठरवायचं. शेवटच्या हीटला कोणते दोघं, तेही त्यानेच. आणि खरी गोम पुढे आहे. तिथे रायडरला गुणांवर पैसे मिळतात. गाडी, मेकॅनिक, टायर, सगळा खर्च त्याचा. त्याला एक हीट बसवलं म्हणजे तुम्ही त्याच्या खिशात हात घातला.

जमतं का, याचं उत्तर माणसावर आहे. एरिक गुंडरसन तीनदा जगज्जेता, 1984, 85 आणि 88. 1989 साली ब्रॅडफर्डला वर्ल्ड टीम कपच्या फायनलच्या पहिल्याच हीटमध्ये पडला आणि करिअर संपलं. जीव वाचला हेच खूप. पुढे त्याने डेन्मार्कची टीम सांभाळली. कॉलिन प्रॅटचं तर ट्रॅकवर काहीच झालं नव्हतं. 1970 मध्ये वेस्ट हॅमची टीम हॉलंडहून परतत असताना बेल्जियममध्ये लोकेरेनला मिनीबसला अपघात झाला, साथीदार गेले, मॅनेजरही गेला, प्रॅटची मान मोडली. पुन्हा कधी रेस केली नाही. नंतर क्रॅडली हीथ, कॉव्हेंट्री अशा टीम करत तो वर्षानुवर्षं मॅनेजर म्हणून पिट्समध्येच राहिला. तुमच्या गुडघ्याचं वाचून मला तोच आठवला.

पण माझ्या मते सगळ्यात पक्का पोलंडचा मारेक चेश्लाक. स्वतः वैयक्तिक जगज्जेता कधीच झाला नाही. मॅनेजर म्हणून 2007 मध्ये टीमचा वर्ल्ड कप, मग 2009 पासून लागोपाठ तीन. मला वाटतं, ज्याला स्वतःला बाकावर बसावं लागलंय, त्याला दुसऱ्याला बसवताना काय बोलायचं ते कळतं. चॅम्पियन मंडळी 'मी असतो तर' यातच अडकतात. चू.भू.द्या.घ्या.

मातीतला
पर्वतीपायथा, खिशात हात घातल्याचं वाक्य लागलं. आमच्याकडे गुणांचे पैसे नाहीत, पण पुढच्या रेसला स्पॉन्सर चारच एंट्र्या भरणार आहे. म्हणजे एकाला काढायचंच. ग्रुपवर सगळ्यांचे लॅप टायमिंग टाकून देऊ का? आकडे बघून तो स्वतःच समजेल.

पर्वतीपायथा
अजिबात नको. चार पोरांसमोर आकडे टाकलेत तर तो टीमही सोडेल आणि तुम्हालाही. यादी लागायच्या आधी, एकट्याला, समोर बसून सांगा. आणि काम द्या हातात. स्टार्टला क्लच कसा सोडायचा हे नव्या पोरांना त्याच्याइतकं कोण शिकवणार?

नानापेठी
आणि चहाचे पैसे तुम्हीच द्या.

मातीतला
अपडेट देतो. काल स्वारगेटला अमृततुल्यमध्ये बसून सांगितलं. आधी दहा मिनिटं काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "तुझा गुडघा जाईपर्यंत वाट बघत होतास का?" उठून गेला. आज सकाळी सातला फोन, धाकट्याच्या गाडीची चेन ढिली आहे, तुला दिसत नाही का म्हणून. चहाचे पैसे मीच दिले, नानापेठी.